बारागाड्या आणि आबांचं सीपीके

माझ्या थोरल्या भावाच्या रक्ताचे आकडे मला आजही पाठ आहेत. पहिल्या दिवशी सकाळी अकराला सीपीके सहाशे चाळीस. संध्याकाळी सहाला नऊशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक हजार चारशे साठ. निरोगी माणसाचं एकशे नव्वदच्या आत असतं, असं लॅबच्या छापील कागदावर खाली लिहिलेलं होतं. हे पाठ असण्यात माझं काही कौतुक नाही. माणसांची तोंडं मी विसरतो, आकडे विसरत नाही.

त्या वेळी मी जळगावला सरकारी नोकरीत होतो. ठरलेल्या विहिरींत टेप सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं, हे माझं काम. वीस वर्षं हेच केल्यावर एक गोष्ट अंगात मुरली होती: एका वेळच्या मोजणीवर बोलू नये. आज पाणी अकरा मीटरवर आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. मागच्या महिन्यात किती होतं, पुढच्या महिन्यात किती असेल, हे लागतं.

आमचं गाव अमळनेरपासून अकरा किलोमीटर, धुळ्याच्या अंगाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बायकामुलांसह गावी जायचोच. आखाजीच्या संध्याकाळी गावात बारागाड्या असतात. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बैल न जुंपता बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. त्यांत गावातली माणसं जागा मिळेल तशी चढून बसतात. पहिल्या गाडीचं जू एकट्या भगताच्या खांद्यावर असतं. त्याच्या दोन्ही बगलांना दोघं जण धरायला असतात, त्यांना बगलेच म्हणतात. भगत आधी गाड्यांना प्रदक्षिणा घालतो, देवाला हात जोडतो आणि गाड्या मरीमातेच्या देवळापर्यंत जातात.

‘जातात’ असं मी मुद्दाम लिहिलं. आमच्या गावात भगताने गाड्या ओढल्या असं कोणी म्हणत नाही. गाड्या देव ओढतो. भगत पुढे असतो, इतकंच.

आमचे आबा अकरा वर्षं भगत होते. आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा बावन्न वर्षांचा. आखाजीच्या आधी पाच दिवस त्यांना व्रत असायचं. अंगाला हळद, एक वेळ जेवण, जमिनीवर झोप, आणि कसलंही काम करायचं नाही. शेतात पाऊल नाही, गोठ्यात नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा वहिनी हातात आणून द्यायच्या.

आणि माझी खोड अशी, की एका वर्षी मी गाड्यांतली माणसं मोजली होती. शहाण्णव भरली. पोरंटोरं धरून सरासरी पंचेचाळीस किलो, वर बारा गाड्यांचं वजन, असे सगळे मिळून पंचाहत्तर क्विंटल झाले. देवळापर्यंतचं अंतर माझ्या पावलांनी एकशे चाळीस. रस्त्याला थोडा उतार आहे, तोही मी लेव्हल लावून पाहिला होता. दीड फूट. हे मी आबांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षीही गाड्या देवळापर्यंत गेल्या, गुलाल उधळला, रात्री पुरणपोळी आणि आमरस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आबा ओट्यावर बसले होते ते छातीला हात लावून वाकले. छाती आवळल्यासारखी झाली होती आणि डावा खांदा, डावा हात भरून आला होता. अंगाला घाम सुटला होता. वैशाखातल्या घामाला घाम म्हणायचं की लक्षण म्हणायचं हे मला कळेना, पण वहिनींचा चेहरा पाहून मी जीप मागवली. साडेदहाला आम्ही अमळनेरच्या दवाखान्यात होतो.

तिथले डॉक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे, आमच्या भागात येऊन आठ महिने झाले होते. हुशार आणि काळजीने पाहणारे. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पट्टी उजेडात धरली आणि मला बाजूला घेतलं.

“एका ठिकाणी थोडा फरक वाटतो. नक्की सांगता येत नाही. रक्त तपासू. हार्ट अ‍ॅटॅक असला तर रक्त सांगेल.”

“रक्त कसं सांगेल?”

तरुण असल्यामुळे असेल, त्यांना समजावून सांगायला आवडायचं. म्हणाले, हृदय म्हणजे एक स्नायूच. त्याचा तुकडा जखमी झाला की त्याच्या आतली द्रव्यं रक्तात उतरतात. सीपीके सगळ्यात आधी, चार ते सहा तासांनी वाढायला लागतं, दिवसाभरात कळसाला जातं. एसजीओटी त्याच्या मागून. एलडीएच आणखी उशिरा, पण ते बरेच दिवस टिकतं. म्हणून एकदा नाही, पुन्हा पुन्हा तपासायचं.

मला ते लगेच पटलं. नाल्याला पाणी आलं की काठावरची विहीर आधी चढते, शिवारातली आठवड्याने. मी खिशातली वही काढली आणि तीन रकाने आखले.

मग डॉक्टरांनी आबांना विचारलं, “गेल्या दोन-तीन दिवसांत काही जड काम? ओझं उचललं? पडलात? इंजेक्शन घेतलं कुठे?”

आबा पडल्या पडल्या म्हणाले, “काय बी नही. पाच दिनपाईन तांब्या उचला नही मी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “खरं आहे. पाच दिवस त्यांनी कसलंच काम केलं नाही. देवाच्या कामात होते.”

“म्हणजे पूजा?”

“हो, त्यातलंच.”

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: पाच दिवस पूर्ण विश्रांती. मी ते वाचलं आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. पंचाहत्तर क्विंटलांचा हिशोब करणारा मी.

दुपारी पहिला आकडा आला, सहाशे चाळीस. डॉक्टर गंभीर झाले. आबांना उठायचं नाही, बोलायचं नाही असं सांगितलं. वहिनींना बाहेर नेऊन म्हणाले, झटका असेल तर सहा आठवडे अंथरूण. पुढे शेतातलं जड काम बंद. ओझं, चढ, धावपळ, सगळं कायमचं बंद.

दार उघडं होतं. आबांनी ऐकलं. त्यांनी छताकडे पाहत फक्त एवढंच विचारलं, “आन आखाजी?”

डॉक्टरांना वाटलं सण साजरा करायचं विचारताहेत. म्हणाले, “सण करा की, गोड जरा कमी खा.”

आबांनी डोळे मिटले. मला ते बघवलं नाही. त्यांना मरणाची भीती होती असं मला वाटत नाही. पण पुढच्या आखाजीला जू दुसऱ्याच्या खांद्यावर असेल आणि आपण ओट्यावर उशीला टेकून आवाज ऐकू, हे त्यांनी तेव्हाच डोळ्यांपुढे आणलं असणार.

मी वहीत आकडा लिहिला आणि बसल्या बसल्या मला एक शंका आली. दुखायला लागलं नऊला. रक्त काढलं अकराला. सीपीके वाढायला चार तास लागतात असं डॉक्टरच म्हणाले. मग दोन तासांत सहाशे चाळीस कुठून आलं? हा पाऊस पडायच्या आधी विहीर चढल्याचा प्रकार होता. मी संध्याकाळी डॉक्टरांना तसं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही नोकरी कुठे करता?”

मी सांगितलं.

“प्रश्न बरोबर आहे,” ते म्हणाले. “याचा अर्थ झटका सकाळी आलेला नाही. त्याच्या बराच आधी येऊन गेला. आदल्या संध्याकाळी वगैरे. काही लोकांना तेव्हा दुखत नाही. संध्याकाळी हे काय करत होते?”

“देवळात होतो,” आबा म्हणाले.

“देवळात होते,” मी म्हणालो.

म्हणजे माझ्या शंकेने प्रकरण सुधारण्याऐवजी बिघडलं. आता झटका आला होताच, शिवाय तो बारा-चौदा तास बिनउपचार राहिला होता. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वही खिशात घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा एक हजार चारशे साठ. एसजीओटीही वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, “सीपीके फक्त हृदयात नसतं, अंगातल्या प्रत्येक स्नायूत असतं. त्यातला एमबी नावाचा भाग असतो, तो मुख्यतः हृदयाचा. तो वेगळा मोजला तर प्रश्न सुटेल. आपल्याकडे ती सोय नाही. धुळ्याला एक लॅब आहे. कोणी नेऊन देईल?”

मी नेतो म्हणालो. रसवंतीवाल्याकडून भुशातला बर्फ घेतला, धुऊन थर्मासमध्ये भरला आणि रक्त साकळल्यावर वर आलेलं पिवळसर पाणी भरलेली छोटी बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवली. साडेनऊची धुळे गाडी मिळाली. आखाजीनंतर माघारी जाणाऱ्या लेकीबाळींनी गाडी भरलेली, उकाडा असा की खिडकीचा गज धरवत नव्हता. शेजारच्या बाईंनी थर्मासच्या झाकणाशी झिरपलेलं पाणी पाहिलं.

“भाऊ, गार पानी शे का? घोटभर द्या.”

“नही बहीन. रगत शे.”

त्या बाईंनी मला एकदा खालून वर पाहिलं, लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि धुळ्यापर्यंत माझ्याकडे पाठ केली. पुढच्या सीटवरचे दोघे उठून मागे गेले. मला आयुष्यात एसटीत इतकी ऐसपैस जागा त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही.

धुळ्याची लॅब एका कपड्याच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर. तिथले लॅबवाले पन्नाशीचे, पिंपळनेरकडचे, तोंडात सुपारी. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, बाटली बर्फातून काढून बघितली आणि म्हणाले, “चांगली आणली. नाहीतर लोक खिशात घालून आणतात. दोन तास बसा.”

मी दोन तास बसलो. भिंतीवरच्या घड्याळात एकशे वीस मिनिटं मोजली. एकशे तेहेतिसाव्या मिनिटाला ते बाहेर आले.

“एकूण एक हजार पाचशे दहा. एमबी सतरा.”

मी वहीवर भागाकार केला. “शेकडा एकच्या थोडं वर.”

“बरोबर. हृदयाचं असतं तर पाच-सहाच्या वर गेलं असतं, आणि आत्ताच्या वेळी तर अगदी भरात असतं. मी दोनदा लावून पाहिलं.” त्यांनी सुपारी गालात सरकवली. “पेशंट पैलवान आहे का?”

“नाही.”

“हमाल?”

“शेतकरी. पण पाच दिवस घरी बसून होते.”

“गाव कुठलं?”

मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, “परवा आखाजी झाली. तुमच्या गावाला बारागाड्या असतात. माझी मेहुणी शेजारच्या गावात दिली आहे. पेशंट त्या गाड्यांत बसले होते का?”

“नाही, ते भगत आहेत.”

“भगत आहेत,” ते म्हणाले.

“हो, पण भगत ओढत नाही.”

“मग कोण ओढतं?”

मी तोंड उघडलं. “देव” असं म्हणणारच होतो. पंचाहत्तर क्विंटल, एकशे चाळीस पावलं, दीड फूट, सगळे आकडे माझ्या डोक्यात होते. फक्त ते ज्याच्या खांद्यावर होते तो माणूस मी कधी मांडणीत घेतलाच नव्हता. लहानपणापासून घेतला नव्हता. मी उघडी वही मिटली.

लॅबवाल्यांनी माझी अवस्था ओळखली असावी. फार शांतपणे म्हणाले, “हे बघा साहेब, देवाचं रक्त तपासायची सोय आपल्याकडे नाही. आपण भगताचंच तपासलं आहे. आणि भगताच्या खांद्याचे, पाठीचे, मांडीचे स्नायू पार पिंजून निघाले आहेत. हृदय ठीक दिसतं. डॉक्टरांना सगळं सांगा.”

परतीच्या गाडीत मी उभा होतो आणि एकटाच हसत होतो. माझ्या शेजारची माणसं या खेपेलाही जरा सरकून उभी राहिली.

डॉक्टरांना मी कागद दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: बारा गाड्या, शहाण्णव माणसं, जू, बगले. ते खुर्चीत मागे टेकले.

“मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.”

“दोनदा,” मी म्हणालो. “तिसऱ्यांदा संध्याकाळी काय करत होते ते विचारलंत.”

“आणि तुम्ही म्हणालात देवळात.”

“गाड्या देवळापाशीच थांबतात.”

त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग त्यांनाही हसू आवरेना. पुन्हा कार्डिओग्राम काढला. कालच्यासारखाच, एका रेघेचाही फरक नाही. झटका असता तर पट्टी दिवसागणिक बदलली असती, ते म्हणाले. मग आबांच्या छातीवर, खांद्याच्या कडेने बोटांनी दाबत गेले. एका ठिकाणी आबा ओरडले.

“हे हृदय नाही,” डॉक्टर म्हणाले. “बरगडीवरचा स्नायू आहे. आबा, तुमचं हृदय उत्तम आहे. आता मला केसपेपर दुरुस्त करायचाय. बारागाड्या ओढल्या, असं लिहितो.”

आबा उठून बसले. त्यांना उठवून बसवायला कालपासून दोन माणसं लागत होती.

“तसं लिहू नका.”

“का?”

“मी कोठे वढ्यात? देवनी वढ्यात.”

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला. मी आबांना समजावायला लागलो की आकडा एक हजार चारशे साठ आहे, तो आपोआप येत नाही, स्नायूला ताण पडल्याशिवाय येत नाही. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तो आकडा मना की देवना?”

आकडा कोणाचा, आबांचा की देवाचा, असा रकाना माझ्या वहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “हे पाहा आबा, कारण लिहिल्याशिवाय मला तुम्हाला सोडता येणार नाही. उद्या दुसरा कोणी डॉक्टर हा कागद बघेल. नुसते आकडे दिसले तर तो तुम्हाला हृदयाचा पेशंटच समजेल आणि पुन्हा अंथरुणावर टाकेल. ओढल्या म्हणालात तर तुम्ही निरोगी. नाही म्हणालात तर सहा आठवडे.”

आबा गादीची कड चाचपत राहिले आणि डॉक्टर पेनचं टोपण लावायला लागले. सहा आठवड्यांचं अंथरूण आणि पुढच्या आखाजीचं जू एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अकरा वर्षं सगळ्या गावादेखत देवाला दिलेलं श्रेय एका कागदावर स्वतःच्या नावावर चढवायचं. आबांना ते चोरीसारखं वाटत होतं. ते मला दिसत होतं, आणि माझ्या कुठल्याच भागाकारात बसत नव्हतं.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या वहिनी बोलल्या. दोन दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी आबांना विचारलं, मला विचारलं, त्यांना नाही.

“लिहा हो डॉक्टरसाहेब. दर वर्षी आखाजी झाली की तीन दिवस यांना भिंतीला धरून उठावं लागतं. आंघोळीला मी नेते. पाठीला तेल मी चोळते. अकरा वर्षं चोळते आहे. देवाच्या पाठीला नाही चोळत.”

“तुम्ही हे काल का नाही सांगितलं?” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही छातीचं विचारत होतात. पाठीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आबांनी बायकोकडे पाहिलं. रागाने पाहतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते म्हणाले, “असं लिहा. गाड्या देवनी वढ्यात. खांदा मना व्हता.”

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं. आधी आबांचं बोलणं, जसंच्या तसं. त्याच्या खाली डॉक्टरी भाषेत: अतिश्रमाने स्नायूंना इजा, हृदय निर्दोष. मी दोन्ही वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. नंतर त्यांनी आबांना बजावलं की पाच दिवस बसून राहून एकदम बारा गाड्यांपुढे उभं राहणं हेच चुकीचं आहे, आधी महिनाभर अंग हलवायला हवं. आबा म्हणाले, “तेवढं देवले विचारी दखस,” म्हणजे देवाला विचारून बघतो. भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. वहिनी तासाला दोन तांबे देत होत्या आणि मी ते मोजत होतो.

तिसऱ्या दिवशी आकडा एक हजार तीनशे सत्तर आला, चौथ्या दिवशी सातशे नव्वद. वहीतल्या आलेखाची रेघ पहिल्यांदा खाली वळली तेव्हा मी तो कागद वहिनींना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, “मला काय कळतं त्यात,” पण कागद हातात धरून बसल्या.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही एसटीने गावी निघालो. मी जीप आणतो म्हणालो तर आबांनी ऐकलं नाही. गाडीत आबांना खिडकीजवळ बसवलं, वहिनी शेजारी, मी मागे. दोन थांब्यांनंतर एक म्हातारा काठी टेकत चढला. जागा नव्हती. आबा उठले, म्हाताऱ्याला बसवलं आणि वरचा दांडा धरून उभे राहिले. डावा हात वर करताना तोंड किंचित वाकडं झालं, पण हात खाली आला नाही.

वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. चार दिवस त्या अशाच माझ्याकडे बघत होत्या, प्रत्येक नवा आकडा आला की. मी वही काढली नाही. ठीक आहे म्हणून नुसती मान हलवली.

त्या पुन्हा समोर वळल्या आणि म्हाताऱ्याला कुठल्या गावचे म्हणून विचारू लागल्या. आबा गाव येईपर्यंत उभेच होते.